टेलिफोटो भिंगांची पारख

दोन टेलिफोटो भिंगांपैकी अधिक चांगले कोणते, हा प्रश्न छायाचित्रणाची हौस असलेल्या मंडळींत जितक्या सहजतेने विचारला जातो तितक्याच सहजतेने त्याचे उत्तरही देण्यात येते. आणि ते उत्तर किती अंतरावरून, किती छिद्रावर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळाले याचा तपशील मागण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. ५० मिमीच्या सामान्य भिंगाच्या बाबतीत ही हयगय फारशी नडत नाही. परंतु नाभीय अंतर ४००, ५००, ६०० मिमीपर्यंत चढत गेले म्हणजे प्रतिमेच्या बऱ्यावाईटपणात भिंगाइतकाच, किंबहुना त्याहूनही मोठा वाटा हवेचा, तिपाईचा आणि परीक्षकाच्या बोटाचा असतो. आणि ज्याने हे तीन वाटे अगोदर बाजूला काढले नाहीत त्याने भिंगांविषयी दिलेला निकाल बव्हंशी त्या दिवशीच्या हवेविषयीचा निकाल असतो.

लांब नाभीय अंतराचे भिंग करण्याची सरळ रीत म्हणजे लांब नळीच्या टोकाशी एक बहिर्वक्र जोडभिंग बसवणे ही होय. पण ६०० मिमीच्या भिंगाला मग जवळजवळ तितकीच लांब नळी लागते आणि ती खांद्यावर टाकून रानात हिंडणे कोणाही शहाण्याला मानवणारे नाही. पुढे बहिर्वक्र आणि काही अंतरावर मागे अंतर्वक्र भिंग ठेवले असता मागचे भिंग पुढच्याने जुळवत आणलेल्या किरणांचे मीलन थोडे लांबणीवर टाकते व त्यामुळे प्रतिमा मोठी होते, हे योहानेस केप्लरने १६११ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडून ठेवले होते. त्याचा उपयोग छायाचित्रणाला व्हावयास मात्र १८९१ साल उजाडावे लागले. त्या सुमारास इंग्लंडात टॉमस डालमायर, जर्मनीत आडोल्फ मीठे आणि श्टाइनहाइल या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही रचना सिद्ध केली. आज ज्याला आपण टेलिफोटो म्हणतो त्याचे मर्म हेच, की भिंग आपल्या नाभीय अंतरापेक्षा लांबीने पुष्कळ कमी असते. निकॉनचे २०१८ साली आलेले ५०० मिमी एफ/५.६ पीएफ हे भिंग केवळ २३७ मिमी लांब आहे.

या आखूडपणाची किंमत चुकवावी लागते, आणि ती रंगांच्या रूपाने. काचेतून जाताना निळा किरण तांबड्याहून अधिक वाकतो, म्हणून साध्या भिंगात प्रत्येक रंगाची प्रतिमा निरनिराळ्या अंतरावर पडते. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा एकत्र जोडून दोन रंगांना एकाच प्रतलावर आणण्याची युक्ती अठराव्या शतकातच साधली होती. परंतु त्या दोघांना एका ठिकाणी आणले तरी मधल्या रंगांचा काही अंशी वेगळेपणा शिल्लक राहतोच, आणि हे शिल्लक अंतर सामान्य जोडभिंगात नाभीय अंतराच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्शाइतके असते. आता हिशेब मांडून पाहावा. ५० मिमीच्या भिंगात हा हिस्सा ०.०२५ मिमी भरतो. एफ/४ छिद्रावर प्रतिमा पुढेमागे सुमारे ०.०३५ मिमी सरकली तरी तिची तीक्ष्णता फारशी बिघडत नाही, म्हणजे ही चूक त्या सवलतीत सामावून जाते. ६०० मिमीच्या भिंगात मात्र तोच दोन हजारावा हिस्सा ०.३ मिमी होतो आणि सवलत तेवढीच, ०.०३५ मिमीचीच राहते. त्यातून टेलिफोटो रचनेचा स्वभाव असा, की पुढच्या ३०० मिमीच्या भिंगाची प्रतिमा मागच्याने दुप्पट केली तर पुढच्याची अक्षाच्या दिशेने झालेली चूक चौपट होते, तेव्हा पुढच्याची मूळ चूक ०.३ च्या निम्मी असूनही अखेर ०.३ च्या जागी ०.६ मिमी भरते. जुन्या काळच्या लांब भिंगांनी काढलेल्या चित्रांत पांढऱ्या आकाशावर रेखलेल्या काळ्या फांद्यांना जी जांभळी-हिरवी किनार दिसते ती या हिशेबातली शिल्लक होय.

हे कोडे तत्त्वतः येना येथे अर्न्स्ट आबेने सोडवले होते. ऑटो शोट याने तयार केलेल्या नव्या जातींच्या काचांच्या जोडीला त्याने फ्लोराइट या खनिजाचे स्फटिक वापरून १८८६ साली सूक्ष्मदर्शकाची अशी भिंगे तयार केली की ज्यांत तीन रंग एकत्र येत. आबेच्याच नावाने चालणाऱ्या मोजमापात साध्या क्राउन काचेचा अंक ६४ च्या आसपास असतो, तर फ्लोराइटचा ९५. म्हणजे फ्लोराइट किरणाला वाकवतो, पण वाकवताना त्याचे रंग फारसे फाकू देत नाही. अडचण इतकीच की निसर्गात सापडणारे निर्दोष स्फटिक सूक्ष्मदर्शकाच्या इवल्या भिंगांपुरतेच मोठे असत. कॅनन कंपनीने कृत्रिम रीतीने वाढवलेल्या फ्लोराइटचे ३०० मिमी एफ/५.६ भिंग १९६९ साली बाजारात आणले तेव्हा आबेची युक्ती प्रथमच सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आली. आणि निकॉनने सत्तरीच्या दशकात कमी अपस्करणाची एक खास काच, जी ‘ईडी’ या अक्षरांनी ओळखली जाते, ती वापरून तोच हेतू निराळ्या वाटेने साधला. आजच्या पारखीत ‘एखाद्या भिंगात फ्लोराइट आहे का’ हा प्रश्न हौशी लोक मोठ्या आदराने विचारतात. माझ्या मते तो आदर थोडा हात राखून द्यावा, कारण फ्लोराइटचा एक नग आणि ईडी काचेचे तीन नग यांत श्रेष्ठ कोण हे नगांच्या नावांवरून ठरत नाही, चित्रावरून ठरते. फ्लोराइट उष्णतेने जास्त प्रसरण पावतो, म्हणून कॅननची मोठी भिंगे पांढऱ्या रंगाची असतात, आणि म्हणूनच लांब भिंगांचे फोकसचे चक्र अनंताच्या खुणेपुढेही थोडे फिरते. ज्याने ते चक्र शेवटापर्यंत फिरवून ‘अनंतावर फोकस केला’ असे मानले त्याच्या डोंगराच्या चित्राला भिंग जबाबदार नाही.

रंगांखेरीज दुसरी बाब विभेदनाची, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याच्या शक्तीची. पूर्वी ही शक्ती काळ्या-पांढऱ्या रेषांच्या तक्त्यावर मोजत; मिलिमीटरमागे रेषांच्या किती जोड्या वेगळ्या दिसल्या, तो अंक भिंगाच्या नावापुढे लिहिला की काम संपले. अमेरिकी हवाई दलाचा १९५१ सालचा तक्ता अजूनही वापरात आहे. या रीतीतला दोष असा, की शेवटच्या, जेमतेम दिसणाऱ्या रेषेवर सगळा भर पडतो आणि त्याअगोदरच्या ठळक रेषा किती ठळकपणे उतरल्या याची दखलच घेतली जात नाही. पक्ष्याच्या छातीवरील पिसांचा मऊपणा, हरणाच्या डोळ्यातली ओल, हे सारे मध्यम जाडीच्या तपशिलांतून प्रकट होत असते. एखादे भिंग अतिसूक्ष्म रेषा दाखवते पण मध्यम रेषांवर धुरकट असते, तर दुसरे सूक्ष्म रेषांपाशी थकते पण तोवरचे सगळे स्वच्छ, खणखणीत दाखवते. आणि चित्र पाहणारा सामान्य मनुष्य बिनदिक्कत दुसऱ्याच्या बाजूने कौल देतो.

फ्रान्समधील पिएर-मिशेल द्युफिए याने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फूरिएचे गणित प्रकाशशास्त्राला लावून, आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या ऑटो शेड याने त्यासारख्याच विचाराला व्यवहाराची जोड देऊन, या अडचणीतून वाट काढली. त्यांच्या पद्धतीत रेषा दिसली की नाही एवढेच न विचारता, ती किती टक्के ठळकपणा राखून उतरली हे विचारतात, आणि त्याचे उत्तर आलेखाने देतात. हे आलेख ‘एमटीएफ’ या नावाने आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या माहितीपत्रात छापलेले असतात. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर, उभ्या अक्षावर ठळकपणा. कॅनन व निकॉन मिलिमीटरमागे १० आणि ३० रेषाजोड्यांसाठी रेघा काढतात, झाइस १०, २० आणि ४० साठी. दहाची रेघ वर असली तर चित्र ठसठशीत, तीसची वर असली तर बारकावे भरपूर. आणि त्रिज्येच्या दिशेची व तिला आडव्या दिशेची, अशा दोन रेघा जिथे एकमेकींपासून फाकत जातात तिथे कोपऱ्यातले ठिपके ओढल्यासारखे दिसतील, असे ढोबळ मानाने समजावे.

हे वाचन शिकायला एक संध्याकाळ पुरते. त्यावर विसंबून खरेदी करण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी जाणून असाव्यात. पहिली अशी की झाइसचे आलेख प्रत्यक्ष भिंगावर मोजलेले असतात, तर कॅनन आणि निकॉन यांचे आलेख रचनेच्या गणितावरून काढलेले असतात. तेव्हा एका कंपनीचा आलेख दुसरीच्या आलेखाशेजारी ठेवून तंटा मिटवू पाहणे म्हणजे एकाची जबानी आणि दुसऱ्याचा मनसुबा यांची तुलना करणे होय. दुसरी गोष्ट टेलिफोटोपुरती खास आहे. ६०० मिमीच्या भिंगाचा दृष्टिकोन पूर्ण आकाराच्या संवेदकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम चार अंशांचा असतो. इतक्या अरुंद क्षेत्रात कोपरेसुद्धा मध्याच्या जवळचेच असतात आणि म्हणून मोठ्या, महागड्या टेलिफोटोंचे आलेख जवळजवळ सगळे सारखेच, वरच्या कडेला चिकटलेले सपाट दिसतात. कागदावर समसमान असलेल्या अशा दोन भिंगांतला फरक रानात कळतो, तोही परीक्षा नेटकी केली तर.

ती नेटकी करणे किती कठीण आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. ४५ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या संवेदकावर एकेक पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा असतो. ६०० मिमीच्या भिंगामागे तो आकाशाचा अवघा दीड विकला एवढा कोन झाकतो. वेधशाळांसाठी निवडलेल्या उंच पर्वतांवर, शांत रात्री, डोक्यावरच्या विरळ हवेतून पाहतानासुद्धा ताऱ्याची प्रतिमा साधारण याच्या निम्म्याने तरी थरथरते. आपण तर दुपारी जमिनीलगतच्या तापलेल्या हवेच्या थरातून आडवे पाहत असतो. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायला जाणाऱ्यांस हे नावाडीच सांगतात, की ऊन चढल्यावर लांबचे पक्षी ‘उकळायला’ लागतात. त्यानंतर काढलेल्या चित्रांवरून भिंगाची प्रत ठरवू नये. अंतर दुप्पट झाले की मधल्या हवेचा थर दुपटीने जाड होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळसे गैरसमज टळतील. माझा पक्का अनुभव असा आहे की ‘अमुक भिंग लांबच्या वस्तूंवर मऊ पडते’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या तक्रारीचा फार मोठा भाग हवेच्या खाती जमा करावा लागतो. परीक्षा सूर्योदयाच्या वेळी, ढगाळ हवेत, किंवा ३० मीटरच्या आतल्या लक्ष्यावर करावी. ३० मीटरवर एका पिक्सेलला लक्ष्यावरील साधारण ०.२ मिमीचा तुकडा येतो, आणि पिसाचे तंतू मोजायला तो पुरेसा आहे.

हवेनंतर कंप. दीड विकलेचा हिशेब इथेही लावता येतो: सुमारे ४० सेंमी लांबीच्या भिंगाचे पुढचे टोक ३ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहून कमी, हलले की प्रतिमा एक पिक्सेल सरकते. आरशाच्या कॅमेऱ्यात नुसता आरसा वर उचलला गेल्याने याहून अधिक हालचाल होते. म्हणून परीक्षेच्या वेळी आरसा आधीच वर करून ठेवावा अथवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे, बटण बोटाने न दाबता दूरनियंत्रणाने किंवा विलंबाने सोडावे, आणि भक्कम तिपाईवर प्रतिमास्थिरीकरण बंद करावे. ही स्थिरीकरणाची सोय अदलाबदलीच्या भिंगात कॅननने १९९५ साली ७५-३०० मिमीच्या झूमपासून आणली आणि हातात धरून काढावयाच्या चित्रांचे तिने कल्याण केले यात संशय नाही. पण ती भिंगातला एक भाग मुद्दाम अक्षाबाहेर सरकवूनच काम करते, म्हणून दोन भिंगांच्या तीक्ष्णतेची तुलना चालू असताना तिला रजेवर पाठवणे बरे. फोकस प्रत्येक भिंगावर अनेक वेळा नव्याने लावावा आणि त्यातले सर्वोत्तम चित्र तुलनेला घ्यावे. एकाच्या उत्तम चित्राशी दुसऱ्याचे पहिले चित्र लावून पाहण्यात न्याय नाही.

छिद्राच्या बाबतीत तर अन्याय इतका सरसकट चालतो की तो कोणाला खटकतही नाही. ६०० मिमी एफ/४ आणि १५०-६०० मिमीचा एफ/६.३ चा झूम या दोघांची चित्रे प्रत्येकाच्या सर्वांत मोठ्या छिद्रावर काढून शेजारी ठेवणे म्हणजे हलक्या वजनाच्या पैलवानाशी भारी वजनाचा पैलवान जोडून, वर भारी पैलवानाच्या पायाला दगड बांधण्यासारखे आहे. पहिल्याची पुढची काच सुमारे १५० मिमी व्यासाची, दुसऱ्याची ९५ मिमीची. पहिला पूर्ण उघडा असताना त्याच्या दोषांवर सर्वाधिक ताण असतो, आणि एफ/६.३ पर्यंत बंद केला की तो बहुधा झूमच्या पुढे निघून जातो. ज्याला पहाटेच्या अंधुक प्रकाशात ताडोब्यात वाघ टिपायचा आहे त्याला एफ/४ वरचीच परीक्षा हवी. ज्याला भर उन्हात उडते बगळे हवेत त्याला एफ/८ वरची. दोन्ही निकाल खरे असू शकतात आणि एकमेकांच्या विरुद्धही असू शकतात.

छिद्र बारीक करत जाण्यालाही मर्यादा आहे, ती विवर्तनाची. प्रकाश लाटेच्या स्वभावाचा असल्यामुळे निर्दोष भिंगसुद्धा बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून न देता एक बारीक चकती म्हणून देते. हिरव्या प्रकाशात तिचा व्यास एफ/४ वर सुमारे ५.४ मायक्रॉन, एफ/८ वर १०.७, एफ/११ वर जवळजवळ १५ मायक्रॉन भरतो. कॅननने २०२० साली काढलेली ६०० आणि ८०० मिमीची भिंगे कायमची एफ/११ वरच बांधलेली आहेत, तेव्हा ४५ मेगापिक्सेलच्या संवेदकावर त्यांची चकती तीन पिक्सेलांहून रुंद पडणार, हे कारागिराच्या हातचे नसून निसर्गाचा हुकूम आहे. तरीही ती भिंगे हलकी आणि आवाक्यातली आहेत. ज्याच्या खांद्यावर तीन किलोचे ओझे पेलत नाही त्याने ती नाक मुरडून टाकून देऊ नयेत.

याच विवर्तनाला कामालाही जुंपता येते. बारीक वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या भिंगात विवर्तनाने वाकणारा तांबडा किरण निळ्याहून अधिक वाकतो, म्हणजे काचेच्या नेमके उलट; म्हणून अशा भिंगाची काचेच्या भिंगाशी सांगड घातली की दोघांचे रंगदोष परस्परांना खोडून काढतात आणि रचना आखूड व हलकी करता येते. कॅननचे २००१ सालचे ४०० मिमी एफ/४ डीओ हे या जातीचे पहिले भिंग. वर उल्लेखिलेले निकॉनचे ५०० मिमी पीएफ त्याच कुळातले. त्याचे वजन १,४६० ग्रॅम, तर त्याच कंपनीच्या ५०० मिमी एफ/४ चे ३,०९० ग्रॅम. अर्थात निम्म्याहून कमी वजनाचे श्रेय सगळेच त्या पायऱ्यांना देता येत नाही, छिद्रही लहान आहे. या भिंगांची उणीव तक्त्यावर दिसत नाही. समोरून प्रखर दिवा किंवा पाण्यावरची तिरीप आली की तिच्याभोवती वलय उमटते. तसेच आरशाच्या भिंगांचे. आरसा रंग फाकवीत नाही, त्यामुळे ५०० मिमी एफ/८ ची ही बुटकी भिंगे रंगदोषात महागड्या टेलिफोटोंनाही लाजवतात. पण मधला दुसरा आरसा प्रकाशाची वाट अडवतो, त्याने मध्यम तपशिलांचा ठळकपणा उतरतो आणि पार्श्वभूमीतल्या चमकत्या ठिपक्यांच्या जागी पोकळ कड्या दिसू लागतात. रेषांच्या तक्त्यासमोर ही दोन्ही भिंगे सहज उत्तीर्ण होतात.

जवळच्या विषयांवर आणखी एक फसवणूक संभवते. पुष्कळ आधुनिक झूम भिंगे फोकस जवळ आणताना आपले नाभीय अंतर गुपचूप आटवतात. निकॉनचे २००९ सालचे ७०-२०० मिमी एफ/२.८ भिंग अगदी जवळच्या अंतरावर २०० च्या खुणेवर असूनही सुमारे १३५ मिमीएवढेच भरत असे. तेव्हा जवळच बसलेल्या पाखरावर दोन भिंगे पडताळताना, दोहोंवर छापलेला अंक सारखा आहे म्हणून पाखराचा आकारही सारखा येईल असे धरून चालू नये. टेलिकन्व्हर्टर लावून केलेल्या तुलनेतही हाच विवेक हवा: १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश घेतो, दुपटीचा दोन, आणि दोघेही मूळ भिंगाचे दोष तितक्याच पटीने मोठे करून दाखवतात.

एवढी सगळी तजवीज केल्यानंतरही जे हाती लागते ते त्या नमुन्याचे नव्हे, समोरच्या नगाचे गुणवर्णन असते. भिंगे भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतील लेन्सरेंटल्स या व्यवसायाचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका नमुन्याचे अनेक नग यंत्रावर मोजून दाखवले, की एकाच नावाच्या दोन नगांतला फरक पुष्कळदा दोन नावांमधल्या फरकाइतका असतो, आणि झूम भिंगांत तो एकनाभी भिंगांपेक्षा अधिक असतो. एखादी काच आपल्या जागेवर किंचित तिरकी बसली की चित्राची एक बाजू मऊ पडते. नवे भिंग घेणाऱ्याने म्हणून दुकानाची परतीची मुदत संपण्याआत दूरच्या एका सपाट, विटांच्या भिंतीचे चित्र घ्यावे. मग तिपाईला जोडलेले भिंगाचे कडे सैल करून कॅमेरा भिंगासकट १८० अंशांत फिरवावा आणि तेच चित्र पुन्हा घ्यावे. भिंतीचा जो भाग पहिल्या चित्रात मऊ होता तोच दुसऱ्यातही मऊ असेल, तर कॅमेरा भिंतीला काटकोनात उभा नव्हता. मऊपणा भिंतीच्या समोरच्या टोकाला गेला असेल, तर दोष बहुधा भिंगात आहे, आणि तो नग बदलून मागावा.